टीव्हीवर गेलेली इस्त्री

मित्रांनो, मी पितळेची इस्त्री आहे. पोटात निखारे घेऊन चालणारी, वयाने तुमच्या आजीच्या बरोबरीची. आजकालच्या तारेच्या इस्त्र्या कुणीही दोन बोटांनी उचलाव्यात अशा असतात. मला उचलायला मनगट लागतं. ही बढाई नाही. खरं ते सांगते, आणि खरं सांगताना माझा आवाज जरा चढतो, त्याला इलाज नाही.

एका ओताऱ्याने मला घडवलं. कुशीला हवेसाठी भोकं ठेवली, वर बिजागरीचं झाकण बसवलं, लाकडी मूठ लावली. मग मला तळहातावर तोलून तो म्हणाला, "ही कपड्याच्या आधी माणसाला सरळ करील." माझी मालकीण तेव्हा नवी नवरी होती. तिने दुकानातल्या सगळ्या इस्त्र्या उचलून पाहिल्या आणि सगळ्यात जड ती घेतली. ती मी. पुढे तिला सगळे थोरली म्हणू लागले, म्हणून मीही थोरलीच म्हणते.

थोरलीचा नवरा लवकर गेला. तिच्या मुलुखात आधी काम संपलं, मग धान्य संपलं. तेव्हा मुलाला घेऊन ती दुसऱ्या देशाच्या वाटेला लागली. डोक्यावर एक बोचकं आणि हातात मी. हद्दीवरच्या शिपायाने माझं झाकण वाजवून विचारलं, "यात काय लपवलंय?"

"राख आहे," थोरली म्हणाली. "हवी असेल तर काढून ठेवा. आम्हाला तिकडेही मिळेल."

शिपाई हसला आणि त्याने सोडलं. बोलण्याच्या धारेवर ती पुष्कळदा सुटली आहे. सुटता आलं नाही अशी एकच वेळ आली, आणि तीच मला तुम्हाला सांगायची आहे.

नव्या शहरात तिला तळमजल्याची एक लांबट खोली मिळाली. मध्ये पडदा लावला. पडद्याच्या पुढे दुकान, मागे संसार. वर घरमालकीण राहायची. तीही एकटी, तीही फटकळ. दोघींचं पहिलं भांडण धुरावरून झालं आणि दुसरं भांडण होईपर्यंत मैत्री झाली होती. रोज सकाळी घरमालकीण जिन्यातून विचारायची, "काय गं, पेटलीस का?" आणि थोरली म्हणायची, "मी पेटले, तू अजून अंथरुणात." मुलाचं लग्न झालं, सून आली. मुलाने एक तारेची इस्त्रीही आणली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मला वाटलं होतं. पण जाड चादरी, पडदे, गणवेश माझ्याकडेच राहिले. थोरली बोटांनी पाणी शिंपडायची, मला दोन हेलकावे देऊन निखारे फुलवायची, आणि मी कापडावरून अशी जायची की घडी बघून गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघायचं आणि मग तिच्याकडे. मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. दार सताड उघडं असायचं. कोळशाच्या कामाला वारा लागतो. दार लावून कोळशाची इस्त्री करणारा एक तर वेडा असतो, नाही तर जिवावर उदार झालेला.

आमच्या गिऱ्हाइकांत एक टीव्हीवर बातम्या सांगणारा होता. त्याला आम्ही टायवाला म्हणायचो. माणूस गोड होता. सदरे घ्यायला स्वतः यायचा, थोरलीला आजी म्हणायचा. कोपऱ्यातल्या फळीवरच्या छोट्या टीव्हीत तो दिसला की सून म्हणायची, "बघा, आपली कॉलर आली." आम्हाला त्याच्या बातमीपेक्षा त्याच्या कॉलरचं कौतुक.

एक दिवस तो म्हणाला, "आजी, परदेशातून आलेली कष्टाळू माणसं दाखवायची आहेत. उद्या कॅमेरा घेऊन येऊ का? माझ्या ओळखीची तुम्हीच."

थोरलीने नाही कशाला म्हणावं? तिने सुनेला धाडून शहराच्या टोकाला राहणाऱ्या, आमच्याच मुलुखातून आलेल्या पुतण्याला निरोप दिला. कॅमेरा म्हणजे तिला लग्नातला फोटोवाला वाटला. आमच्या माणसांची रीतच ती, फोटो म्हटला की एकट्याने काढायचा नाही. जो मागे राहील तो पुढे वर्षभर टोमणे मारील. दुसऱ्या दिवशी पुतण्या आला, त्याची बायको, तिच्या जावा, भाचे, भाच्यांची मुलं, आणि ज्याचं नातं लावायला मलाही वेळ लागला असा एक म्हातारा. सगळे ठेवणीतले कपडे घालून. पडदा काढून टाकला तरी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

कॅमेरावाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. असं माझ्याकडे पूर्वी फक्त ओताऱ्याने पाहिलं होतं. मी फुगले. का नाही फुगणार?

"आजी, हिच्यात ठिणग्या उडतात का?"

"फुंकर घातली तर उडतात. पण कपड्यावर पडतात, म्हणून आम्ही घालत नाही."

"एकदा घाला ना. आणि दार लावता का? उजेडात ठिणगी दिसत नाही."

थोरलीने एकदा उघड्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाहुण्याचं मन मोडू नये. लाव गं दार." सुनेने दार लावलं, दिवा घालवला. थोरलीने गाल फुगवून फुंकर मारली आणि माझ्या कुशीतून ठिणग्यांचा भपकारा निघाला. अंधारात तिचा चेहरा लाल झाला, मागे सगळ्यांचे डोळे चमकले. धुराने म्हातारा खोकायला लागला. कॅमेरावाला म्हणाला, "वा, हेच पाहिजे होतं."

त्या आठवड्यात आम्ही टीव्हीवर दिसलो. टायवाला चांगलं बोलला. घरमालकीण खाली येऊन आमच्याबरोबर बघत बसली आणि सगळ्या गल्लीला सांगून आली, "माझ्या घरातली खोली हो ती." पुतण्याच्या बायकोला आपण अर्ध्याच दिसलो याचा राग आला. एवढंच काय ते वाईट झालं, असं आम्हाला वाटलं.

काही दिवसांनी संध्याकाळी मी ताटलीवर निवत होते आणि टीव्हीवर पुन्हा आम्ही आलो. तेच बंद दार, त्याच ठिणग्या, त्याच गर्दीतले तेच डोळे. सून हसत पुढे झाली. मग आवाज ऐकून तिथेच थांबली. शहरात बाहेरून आलेले लोक एकेका खोलीत कसे कोंबून राहतात, अशी ती बातमी होती. खाली मोठ्या अक्षरांत विचारलं होतं, 'एका खोलीत किती जण?'

मुलगा म्हणाला, "अगं पण ते तर फोटोला आले होते."

कुणाला सांगत होता तो? टीव्हीला कान नसतात, मित्रांनो. मलाही तोंड नाही. मी एवढी जड, एवढी तापणारी, पण त्या काचेवरची एक सुरकुती मला काढता येत नव्हती.

पुढे आम्ही सारखे दिसायला लागलो. चोरून काम करणाऱ्या परदेश्यांची बातमी आली की आमचं बंद दार. आजार पसरल्याची आली की खोकणारा म्हातारा. दूर कुठे एका गोदामाला आग लागली, तिथे आमच्या ठिणग्या. मी आयुष्यात रुमालसुद्धा जाळला नाही, आणि माझ्या पोटातल्या निखाऱ्यांवर गोदामाचं पाप. दर वेळी आवाज वेगळा, अक्षरं वेगळी, चित्र तेच. कुणी खोटं चित्र काढलं नव्हतं. चित्र खरंच होतं. म्हणून तर बोलायची पंचाईत.

गिऱ्हाइकं भांडली नाहीत. भांडली असती तर थोरली त्यांना पुरून उरली असती. ती नुसती यायची थांबली. एक बाई आपले पडदे परत घेऊन गेली आणि जाताना म्हणाली, "तसं काही नाही हो, घरी सवड आहे म्हणून." थोरली म्हणाली, "असू द्या. सवड सगळ्यांनाच आली आहे सध्या."

आणि मग घरमालकीण खाली आली. जिन्यातून हाक न मारता आली, तेव्हाच मी ओळखलं. खोलीचा करार संपत आला होता. दर वेळी तो दोन शब्दांत व्हायचा.

"माझ्या मुलाचा फोन होता," ती म्हणाली. "म्हणतो, तुझ्या घरात किती माणसं ठेवली आहेत?"

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, तिघं. तर म्हणाला, आई, मी डोळ्यांनी पाहिलं."

"तो तिकडे परगावी बसून डोळ्यांनी बघतो, आणि तू रोज आमच्या डोक्यावर राहतेस, तुला दिसत नाही?"

"मला दिसतं गं. तिघंच आहात. पण शेजारीही विचारतात. काल टाकीचं पाणी संपलं तर म्हणाले, खाली किती जण अंघोळ करतात ते बघा. एकेकाला किती सांगू मी? दमले." ती उठली आणि दारात थांबून म्हणाली, "ते चित्र बंद कर म्हणावं त्या टायवाल्याला. मग मी बघते काय ते."

खोली राहणार की जाणार, ते आता एका चित्रावर येऊन ठेपलं.

टायवाला सदरे न्यायला आला तेव्हा थोरलीने त्याला स्टूल दिलं आणि पहिल्यांदाच हात जोडले. ते मला आवडलं नाही. ते हात माझी मूठ धरणारे होते.

"आजी, अहो असं काय करता. मी तुमच्याबद्दल चांगलंच बोललो होतो."

"तू चांगलंच बोललास रे. पण तुझं बोलणं गेलं आणि चित्र राहिलं."

त्याने समजावून सांगितलं. काढलेली सगळी चित्रं एका ठिकाणी साठवतात. घाईच्या वेळी ज्याला जे लागेल ते तो काढतो आणि लावतो. परदेशी माणसं असं शोधलं की पहिले आम्हीच येतो, कारण चित्र छान आलं आहे. "आणि तुमचं नाव तर कुणीच घेतलेलं नाही ना," तो म्हणाला.

"तेच तर वाईट. नाव घेतलं असतं तर दारात जाऊन भांडले असते. बिननावाच्या बातमीशी कसं भांडायचं, ते शिकव मला."

तो म्हणाला, "मी दुसरं चित्र काढतो. तुम्ही जशा आहात तसं."

तसं त्याने केलंही. तो वाईट नव्हता, हे मी पुन्हा सांगते. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. कॅमेरावाला पुन्हा आला. दार उघडं, भरपूर उजेड, तिघंच माणसं. थोरलीने शांतपणे एका चादरीवर मला फिरवलं. मीसुद्धा श्वास धरून होते, एक ठिणगी पडू दिली नाही. चादर आरशासारखी झाली. कॅमेरावाल्याने यंत्रातून डोळा काढला आणि टायवाल्याला हळूच म्हणाला, "यात काहीच दिसत नाही हो."

ते चित्र एकदा भर दुपारी लागलं. घरमालकीण झोपली होती. संध्याकाळच्या बातम्यांना पुन्हा आमच्या ठिणग्या उडाल्या.

करार झाला नाही. घरमालकिणीने तोंडाने जा म्हटलं नाही. नवा भाडेकरू खोली बघायला आला तेव्हा ती जिन्यात उभी राहून रडत होती. थोरली तिला म्हणाली, "तू कशाला रडतेस? घर तुझं आहे." एवढ्या वर्षांत तिचं इतकं तोडून बोलणं मी ऐकलं नव्हतं. टोपलीतल्या चादरींपेक्षा ते वाक्य जड होतं, आणि दोघींपैकी कुणालाच ते उचलून बाजूला ठेवता आलं नाही.

जायला जागा एकच होती, पुतण्याची. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. एक खोली, तिच्यात पुतण्याचं बिऱ्हाड, त्यात आम्ही तिघं, आणि तो खोकणारा म्हाताराही. म्हणजे बातमीने जे खोटंच दाखवलं होतं, ते तिनेच खरं करून घेतलं. आता कुणी मोजायला आलं तर आमच्याकडे उत्तर नाही. इथे कोळसा पेटवायला जागा नाही. मुलगा दुसऱ्याच्या धुलाईच्या दुकानात तारेची इस्त्री फिरवतो. सून चार घरची धुणी करते. मला पलंगाखाली सरकवून ठेवलं आहे. माझ्या भोकांत धूळ बसली आहे. मूठ सैल झाली आहे. थोरली कधी कधी मला ओढून बाहेर काढते, पदराने पुसते, आणि काही न बोलता परत आत ढकलते. तिची जीभ अशी गप्प झालेली मला बघवत नाही.

परवा संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. टीव्हीवर ठिणग्या उडाल्या. सगळ्यांचे हात ताटातच थांबले. पुतण्याची धाकटी मुलगी मात्र उठून टीव्हीजवळ गेली आणि काचेवर बोट ठेवत म्हणाली, "आजी, ही तू. ही मी. मला नवीन झगा होता ना तेव्हा?"

"हो गं," थोरली म्हणाली. "छान होता."

"आपण किती वेळा टीव्हीवर येतो." ती टाळ्या वाजवत होती. खाली काय लिहिलं होतं ते तिला कुणी सांगितलं नाही. तिला अजून वाचता येत नाही.

पण मित्रांनो, तुम्हाला वाचता येतं. माझं तुमच्यापाशी एकच मागणं आहे. मला पलंगाखालून काढू नका, घासूनही ठेवू नका, माझे दिवस झाले. टीव्हीवर अशी बिननावाची माणसं दिसली की खालची अक्षरं वाचून लगेच उठू नका. जरा थांबा. त्या माणसांना तिथे उभं कुणी केलं, दार कुणी लावायला सांगितलं आणि फुंकर कुणी मारायला लावली, एवढं विचारा. घरात मोठ्यांनी उत्तर दिलं नाही तरी विचारा. ती मुलगी पुढच्या वर्षी शाळेत जाणार आहे. अक्षरं ओळखायला लागली की एका संध्याकाळी तीही ते वाचील. त्याच्या आत तिच्या वर्गातल्या एखाद्याने तरी हा प्रश्न विचारलेला असावा, एवढीच माझी इच्छा आहे.