एकशे एकतीस

जेनेलने सकाळपासून तिसऱ्यांदा ओटा पुसला. ओटा स्वच्छच होता. पण हात रिकामे ठेवून बसली असती तर नवऱ्याने, हॉयटने, काय झालं म्हणून विचारलं असतं, आणि त्याने विचारलं असतं तर तिच्या तोंडून सगळं बाहेर पडलं असतं. म्हणून पुसत राहिली बापडी.

चार वाजता पेटिग्रू यायचा होता. बेसबॉलच्या मोठ्या क्लबचा माणूस. गेली दोन वर्षं त्यांच्या मुलाच्या, केडच्या, प्रत्येक सामन्याला जाळीमागे खुर्ची टाकून बसणारा, उकडलेल्या शेंगांची टरफलंसुद्धा खाली न टाकता खिशात भरून नेणारा सभ्य गृहस्थ. दोन आठवड्यांपूर्वी नव्या खेळाडूंच्या निवडीत क्लबने केडचं नाव पुकारलं तेव्हा गावातल्या झाडून सगळ्या गाड्यांनी भोंगे वाजवले होते. साडेनऊ लाख डॉलर! आज पाचच्या आत सह्या झाल्या तर पोरगा पगारी खेळाडू, नाही झाल्या तर ऑगस्टात कॉलेज. आणि एकदा सही केली की कॉलेजच्या संघाचं दार कायमचं बंद, मग कितीही डोकं आपटा. केडला अठरा पूर्ण व्हायला तीन आठवडे होते, म्हणून कागदावर आईबापांच्याही सह्या लागणार होत्या. दोघांच्याही.

"अगं, झिजेल तो ओटा," हॉयट म्हणाला. त्याने चर्चला जायचा शर्ट घातला होता आणि भर जुलैत गळ्यापर्यंत बटणं लावली होती. "आज आपलं घोडं गंगेत न्हायचंय, आणि तुझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं."

"भीती वाटते मला."

"कसली? पैशाची? ती भीती माझ्याकडे दे, मी सांभाळतो." तो हसला. मग तिच्याकडे बघून हसायचा थांबला. "हे बघ जेनेल, आज वेंडलचं नाव काढू नकोस. हात जोडतो."

वेंडल तिचा धाकटा भाऊ. तोही अठराव्या वर्षी असाच सही करून गेला होता, असेच भोंगे वाजले होते. एकविसाव्या वर्षी कोपरावर वीतभर टाके घेऊन परत आला. कॉलेजची फी क्लब भरणार, असं कागदावर लिहिलेलं होतं, पण खेळ सुटल्यापासून दोन वर्षांत नाव घालायला हवं होतं. ती दोन वर्षं पठ्ठ्याने अंधाऱ्या खोलीत झोपून काढली. आता टायरच्या दुकानात असतो. मैदानावरून गाडी न्यावी लागू नये म्हणून दोन मैलांचा वळसा घालून घरी जातो, इतकंच.

पण जेनेलला छळत होतं ते वेंडलचं नव्हतं. वेंडलची भीती तिला बोलून दाखवता आली असती. ही वेगळी होती. ही तिची स्वतःची करणी होती, आणि दोन महिने ती ही भीती घेऊन शाळेची बस चालवत होती, स्वयंपाक करत होती, चर्चमध्ये मान खाली घालून उभी राहत होती.

केड आठ वर्षांचा असल्यापासून धावफलकाची वही तीच लिहायची. तिच्याइतकं नेटकं दुसऱ्या कुणाला जमतच नसे. पेन्सिलींना टोक काढून जायची, आणि डाव्या हातात अंगठ्याने दाबायचं ते छोटं मोजणीयंत्र. केडने चेंडू टाकला की टक. पुढचा, टक. दोघांची एक खूणही होती. डाव संपला की केड चेंडूफेकीच्या उंचवट्यावरून उतरता उतरता भुवया उडवून तिच्याकडे बघायचा, म्हणजे "किती?" ती दहा चेंडूंना एक अशी बोटं वर करायची. आणि शंभर झाले की मूठ. मूठ म्हणजे बास, आता तुझ्या बापाने सांगितलं तरी टाकायचं नाही. शाळांच्या नियमाने एका दिवसात एकशे दहाच्या वर टाकता येत नसतंच, पण तिचा नियम शंभरचा होता. केड मूठ दिसली की निमूटपणे चेंडू दुसऱ्याच्या हातात द्यायचा. दहा वर्षांत एकदाही त्याने त्या मुठीवर हुज्जत घातली नव्हती.

मे महिन्यातल्या उपांत्य सामन्यात तिच्या यंत्रावर अठ्ठ्याण्णव झाले होते आणि दोन डाव बाकी होते. जाळीमागे क्लबांची माणसं दाटीवाटीने बसली होती. हॉयट तिच्या मागच्या बाकावरून कानाशी झुकला. "अठ्ठ्याऐंशी सांग."

"वेडा आहेस का?"

"दोनच डाव गं! सगळे साहेब आज आलेत. आत्ता उतरला तर यांना काय दिसणार? आयुष्यातून एकदा. अठ्ठ्याऐंशी."

पलीकडच्या संघाची वही लिहिणारी पोरगी फोनमध्ये डोकं घालून बसली होती. तिने विचारलं, "काकू, तुमचे किती झाले? माझे चुकलेत बहुतेक." आणि जेनेल म्हणाली, अठ्ठ्याऐंशी. मग केडने भुवया उडवल्या. तिने आठ बोटं वर केली. पुढच्या डावानंतर नऊ. शेवटच्या डावात तो दर चेंडूनंतर हात झटकत होता, टोपी काढून बाहीने तोंड पुसत होता, आणि तिचा अंगठा आपला टक, टक, टक. सामना जिंकला. वहीत एकशे आठ लिहिले. यंत्रावर होते एकशे एकतीस.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिने पाहिलं, केड डाव्या हाताने दात घासत होता. तिने विचारलं, तो म्हणाला, "गंमत म्हणून." मग तो दारही डाव्या हाताने उघडायला लागला. तिने पुन्हा विचारलं नाही. विचारलं तर तो सांगेल, याचीच तिला भीती वाटायची.

पेटिग्रू बरोबर चारला आला. पायपुसण्यावर बूट घासले, गोड चहाचा गार ग्लास घेतला, टोमॅटोच्या सँडविचचं तोंडभर कौतुक केलं. केड त्याच्यासमोर बसला, नवा शर्ट, ओले केस, उजवा हात मांडीवर. हॉयटला तर काय करू नि काय नको असं झालं होतं.

"आधी हा तब्येतीचा कागद, मग मुख्य," पेटिग्रू म्हणाला. "रुटीन आहे. अस्थमा नाही, फ्रॅक्चर नाही. एका दिवसात टाकलेले जास्तीत जास्त चेंडू... वहीप्रमाणे एकशे आठ. बरोबर? मॅडम, वरची माहिती खरी आहे म्हणून तुमची सही. इथे."

त्याने पेन पुढे केलं. जेनेलने ते घेतलं. सहीची रेघ तिला दिसेना. डोळ्यांसमोर नुसता तो हात झटकणारा पोरगा. कागद खोटा आहे हे माहीत असणारी जगात दोनच माणसं होती आणि दोघं या टेबलाशी बसली होती. सही केली की कायमची गाडली जाणार होती ती गोष्ट, आणि तिच्याबरोबर पोरगाही.

"नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "एकशे आठ नाहीत. मी खोटं लिहिलं. एकशे एकतीस होते."

"जेनेल!" हॉयट ओरडला.

पेटिग्रू दचकला नाही. त्याने चहाचा घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि शर्टाच्या खिशातून तिच्याकडे होतं तसंच मोजणीयंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"हो, एकशे एकतीसच," तो शांतपणे म्हणाला. "माझ्याकडे नोंद आहे. त्या दिवशी आम्ही चौदा जण होतो जाळीमागे, मॅडम. प्रत्येकाच्या हातात हे होतं. तुम्ही काळजी करू नका, अशा गोष्टी आम्ही कुणाला सांगत नाही."

दोन महिने जे तिने काळजाशी दडवून ठेवलं होतं ते चौदा परक्या माणसांना त्याच दिवशी, तिथल्या तिथे ठाऊक होतं. "मग बोलला का नाहीत?" तिने विचारलं. "एकजण तरी उठायचात! माझं लेकरू होतं ते."

"आमचं काम बघायचं, मॅडम. थांबवायचं काम आमचं नव्हे."

"आणि तरी घेतलंत त्याला?"

"ते धरूनच आकडा ठरला ना. या वर्षी चेंडू टाकणारी अकरा पोरं घेतली आम्ही. त्यातली दोन-तीन जरी टिकली..." केड समोर आहे हे त्याच्या एकदम ध्यानात आलं असावं. तो थांबला आणि सँडविच खायला लागला.

मग केड म्हणाला, "आई, तू मला नऊ बोटं दाखवली होतीस."

"हो."

"मी बघितलं होतं ना. आठ, मग नऊ."

"हो रे. खोटी होती."

"मी सांगितलं तिला," हॉयट म्हणाला. गळ्याचं बटण त्याने ओढूनच काढलं. "मी म्हणालो होतो. तिला काही बोलू नकोस." पण केडचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्याने उजवा हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला, बाही वर सारली आणि हात सरळ करायला लागला. हात पाऊणएक सरळ झाला आणि तिथेच अडला. त्याचे ओठ पांढरे पडले.

"याच्या पुढे जात नाही," तो पेटिग्रूला म्हणाला. "तेव्हापासून. सकाळी ही दोन बोटं बधिर असतात, सर. आता सगळंच खरं सांगायचं चाललंय तर हेही लिहा."

आता मात्र पेटिग्रूचा चेहरा बदलला. चेंडू त्याने मोजले होते, पण हे त्याला माहीत नव्हतं. तो टेबलावरच्या हाताकडे क्षणभर बघत राहिला, एखाद्या शेतकऱ्याने लंगड्या घोड्याकडे बघावं तसा, आणि फोन घेऊन ओसरीवर गेला. जाळीच्या दारातून त्याची पाठ दिसत होती. वीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतातले पाण्याचे पाइप दुरुस्त करून भेगा पडलेले हॉयटचे हात, ते त्याने तोंडावर धरले.

"फार दुखतं का रे?" त्याने हातांआडून विचारलं. पोराला त्याने हा प्रश्न दोन महिन्यांत पहिल्यांदा विचारला होता.

"दुखतं, बाबा."

पेटिग्रू परत आला तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. तो बसला नाही. "साहेब म्हणतात, निम्म्याहून थोडं कमी. ऑपरेशन लागलं तर खर्च आमचा. पण पाचच्या आतच. मनापासून सांगतो, हात असा असताना यापेक्षा चांगलं तुम्हाला कुणी देणार नाही."

"निम्मे तरी मिळतायत," हॉयट पुटपुटला, पण त्याच्या आवाजात मघासारखा जोर नव्हता. "निम्मे म्हणजे काही थोडे नव्हेत, जेनेल. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं का? कॉलेजने वर्षभराने हाकललं तर?"

तर, हे तिच्याही मनात होतंच. कॉलेजचा शिष्यवृत्तीचा करार नोव्हेंबरात झाला होता. हात असो नसो, एक वर्ष तो त्यांना पाळावाच लागणार होता. त्या वर्षानंतरचं कुणी सांगावं? पोरगं धड खेळाडूही झालं नाही आणि धड शिकलंही नाही तर? उद्या तोच म्हणेल, आई, माझे पैसे तू घालवलेस. वेंडलसारखा तोही तोंड फिरवून वळसा घालून जाईल, मैदानाला नाही, तिला. एका बाजूला आड, दुसरीकडे विहीर, आणि मधे तिचं सतरा वर्षांचं लेकरू उभं.

पेन केडच्या हातात होतं, डाव्या. त्याने मान वर केली, आईकडे बघितलं आणि भुवया उडवल्या. अगदी तशाच, उंचवट्यावरून उडवायचा तशा. एवढं सगळं होऊनही त्याने तिलाच विचारलं, हे पाहून तिचा जीव कळवळला.

खरं काय ते तिला ठाऊक नव्हतं. इतकी ती आयुष्यात कधी घाबरली नव्हती. तरी तिने हात खांद्यापर्यंत उचलला आणि मूठ वळली.

केडने ती मूठ बघितली. मग त्याने पेनाला टोपण लावलं आणि पेन पेटिग्रूसमोर ठेवलं. "सॉरी, सर," तो म्हणाला.

पेटिग्रूने कागद गोळा केले. दाराशी गेल्यावर वळून म्हणाला, "सँडविच फार छान होतं, मॅडम," आणि गेला. गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत हॉयट खिडकीशी उभा होता. मग तो मागच्या अंगणात पिकनच्या झाडाखाली जाऊन बसला.

जेनेलने मूठ सोडली नव्हती. सोडायचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं. केडने पलीकडून हात पुढे करून ती खाली घेतली.

"आई, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी शेवटच्या डावात माझ्या हातात जीवच नव्हता. आणि तू नऊच दाखवलेस. मला वाटलं, नव्वदातच आपण असे गळतोय म्हणजे आपण कच्चेच. तेव्हापासून मला तेच वाटतंय." "मी खरंच दमलो होतो का गं?"

"हो रे बाळा," ती म्हणाली. "तू खूप दमला होतास."