हसू फक्त आजींना माहीत

मामाची कवळ्या बनवायची कार्यशाळा गल्लीत होती आणि खोड्यांची त्याच्या डोक्यात. पन्नाशी उलटली तरी हा गडी लोकांच्या डब्यात प्लास्टरचे दात ठेवायचा.

आजच्या खोडीमागे मात्र काळजी होती. भाची पाच वर्षं शिल्पकला शिकली, दोन वर्षं अर्ज करून करून थकली, आणि आता त्याच्याकडे मेणात दात बसवत होती. कामाला चोख, पण गप्प. चार वाजता कॉलेजातली एक ज्युनियर भाचीची मातीकामाची हत्यारं कायमची न्यायला येणार होती.

"स्वप्नं पुरे झाली, मामा. दात बरे. निदान कुणीतरी वापरतं."

उपदेश करणं मामाच्या बापजन्मात जमलं नव्हतं. त्याने आपलं त्याला जमतं ते केलं.

ज्युनियर आली. भाचीने हत्यारांच्या पिशवीची चेन ओढली, तर आत सतरा जुन्या कवळ्या दात विचकून बसलेल्या. ज्युनियर स्टुलावरून उडालीच.

"मामा! हत्यारं कुठायत?"

"ह्यांनीच खाल्ली असतील."

"हसू येत नाहीये मला."

भाचीचे भरलेले डोळे बघून मामाचं हसू जिरलं. तो कबूल करणार, तेवढ्यात एक आजी आजोबांना हाताला धरून आत आल्या. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पाठवलं होतं. आजोबांच्या तोंडात भाचीने लावलेले दात होते, अजून मेणातलेच, मापाला बघायला.

"बसतात झकास," आजोबा म्हणाले. "पण हिला पटत नाहीत."

"कसे पटतील? सगळे एका ओळीत, शाळेच्या प्रार्थनेला उभे! हे हसले की वाटतं, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरले."

भाची ओशाळली. पुस्तकात होते तसेच लावले होते तिने. "जुना फोटो आहे?"

"फोटोत तोंड मिटलेलं. दात वाकडा म्हणून लाजायचे. हसायचे ते फक्त माझ्यापुढे."

भाचीने बाह्या वर सरकवल्या.

"मग ते हसू तुम्ही सांगा, मी मातीत घडवते. मामा, हत्यारं दे."

"द्यायला, की वापरायला?"

"दे रे!"

मामाने प्लास्टरच्या गोणीत कोपरापर्यंत हात घातला. हत्यारं निघाली, आणि पाठोपाठ मातीचं कोरं पाकीट. कालच आणलेलं. भाचीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पाकीट फोडलं.

आजी डोळे मिटून सांगू लागल्या. "डावा ओठ आधी उचलायचा. अगं, एवढा नाही, एवढी हिंमत कुठली ह्यांच्यात!" भाची हसली. कितीतरी महिन्यांनी. मातीत हनुवटी आली, ओठ आले, जरासा बाहेर डोकावणारा दात आला.

आजींनी डोळे उघडले आणि ओल्या ओठाला बोट लावलं.

"हे आमचे."

आजोबांनी हसताना सवयीने तोंडावर हात धरला. भाचीने त्यांच्याकडून कवळी काढून घेतली, सुरी तापवली आणि मेणातला दात हळूच तेवढाच वळवला.

"ताई, मग मी...?" ज्युनियर स्टुलावरून म्हणाली.

"सॉरी गं. ही हत्यारं नाही मिळणार. रविवारी ये, दोघी मिळून माती मळू." मग मामाकडे वळून, "नोकरी सोडत नाहीये हं मी."

"सोडून तर बघ. सतराच्या सतरा अंगावर सोडीन."

आजी-आजोबा दारापर्यंत पोचले होते. भाची मातीच्या हातांनी मागे धावली.

"आजी, पुढच्या आठवड्यात परत याल? डोळे राहिलेत."