तिसऱ्या पावलाआधी

"ट्रंकेला कितीशी जागा लागते, दादा?" धाकटा दारातूनच म्हणाला. "जिन्याखाली एवढीशी पुरेल."

मेकॅनिकने हातातला पंपाचा व्हॉल्व्ह पुन्हा पुसला. तो पुसलेलाच होता. इतक्या वर्षांनी भाऊ उगवतो, आणि मागतो काय, तर जिन्याखालचा कोपरा.

"ठेव," तो म्हणाला.

एक.

*

आई गोष्ट सांगायची ती अशी. बळीच्या दारात एक बटू आला, कमरेएवढा. त्याने तीन पावलं जमीन मागितली. गुरू शुक्राचार्य म्हणाले, देऊ नकोस, हा विष्णू आहे. बळीने दिली. पहिल्या पावलात पृथ्वी गेली, दुसऱ्यात आकाश. तिसऱ्याला जागाच उरली नाही, तेव्हा बळीने डोकं पुढे केलं.

मग आई धाकट्याच्या पाठीवर थाप मारायची. "आणि हा आमचा वामन." तो फारसा वाढलाच नव्हता.

मोठा तेव्हापासून शुक्राचार्यांच्या बाजूने.

*

"दादा, मागच्या खोलीत खाट टाकू का? थोडेच दिवस."

"टाकूनही झाली," बायको आतून म्हणाली. "तुमचा मान म्हणून विचारतोय तो."

दोन.

खोलीतले पंप पडवीत आले. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने पाहिलं, तर धाकटा अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होता. ओठ हलत होते.

"काय मोजतोस?"

"काही नाही. चालतोय."

"चालायला बाहेर रस्ता आहे."

बायकोने भांडं आपटलं. "अहो, भाऊ आहे तुमचा."

"म्हणूनच. परक्याला घरात वाटा नसतो."

"झारीतले शुक्राचार्य आहात नुसते."

दानाचं पाणी पडू नये म्हणून शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले होते. बळीला अडवता आलं नाहीच, वर एक डोळा गेला. मेकॅनिकच्या धंद्यात नळीत अडकलेलं काहीतरी रोजच निघे. चिंधी, बेडूक, एकदा बाहुलीचा हात.

"अडकणाऱ्याची बाजू कुणी ऐकत नाही," तो म्हणाला.

*

तीन, त्याने मनात रचलेलं:

धाकटा हिश्श्याचं काढेल. मग आपण विचारायचं, आईच्या शेवटच्या दिवसांत कुठे होतास? तो मान खाली घालेल. ट्रंक जाईल. पंप जागेवर येतील.

तीन, झालं ते:

"दादा, अजून एक मागायचं होतं."

"नाही."

"ऐक तरी."

"तिसरं मिळायचं नाही. आईची गोष्ट मलाही पाठ आहे."

थट्टा असेल असं वाटून धाकटा हसला. मग दादाच्या तोंडाकडे पाहून थांबला. "बरं," म्हणाला. चहाचा कप धुऊन पालथा ठेवला.

सकाळी खाट रिकामी होती. चादर घडी घालून ठेवलेली. ट्रंक जिन्याखालीच.

"गेला एकदाचा," मेकॅनिक म्हणाला.

"दवाखान्यात गेला." बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. "पोटाचं ऑपरेशन आहे आज. सोबत घरचं माणूस असल्याशिवाय घेत नाहीत. तेवढंच मागणार होता."

"आणि ते अंगणातलं मोजणं?"

"डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं."

"तू का बोलली नाहीस?"

"म्हणाला, दादाला मीच विचारीन. वहिनीच्या तोंडून नको."

*

दवाखान्याच्या खिडकीतली बाई म्हणाली, "त्यांना आत घेतलंय. भाऊ आहेत ना सोबत."

"भाऊ?"

"ते काय, बाकावर बसलेत."

बाकावर एक जाडा अनोळखी माणूस बसला होता. अंगात टॅक्सीवाल्याचा खाकी शर्ट. मांडीवर धाकट्याचा चष्मा आणि चपला. मुलाच्या वाटाव्यात एवढ्या लहान चपला.

मेकॅनिक समोर जाऊन उभा राहिला. याला कुठून धरून आणला असेल? काय देऊन? की नुसतं मागून?

टॅक्सीवाल्याचा हात चपलांवर घट्ट झाला. "आपण कोण?"

उत्तर एकच होतं, आणि त्या जागेवर हा माणूस आधीच बसला होता.

"जरा सरकता का?" मेकॅनिक म्हणाला. "एवढीशी जागा पुरेल."

टॅक्सीवाल्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग चष्मा खिशात घातला, चपला उचलून दुसऱ्या बाजूला ठेवल्या, आणि थोडा सरकला.