पूजेला लावलेली सायकल

त्या सायकलचा प्रत्येक तुकडा घाणेरडा होता. देवास गेटच्या कबाड्याकडून कूलरचा पत्रा आणला, तर त्यात मेलेला उंदीर निघाला. लेडीज सायकलच्या सांगाड्यावर पानाच्या पिचकाऱ्या वाळलेल्या, आणि चाकातल्या जुन्या ग्रीसला असा कुजकट वास की हात धुऊनही जेवताना मळमळायचं. तीस वर्षं रेल्वेत फिटर होतो, पण असली घाण तिथेही चिवडली नव्हती. तरी महिनाभर घासलं, कापलं, वेल्डिंग केलं. पलंगाच्या लोखंडी पट्ट्या लावून सांगाडा लांबवला आणि हँडलच्या पुढे चाळीस डबे मावतील अशी पत्र्याची पेटी बसवली.

हे सगळं सुनेसाठी, पल्लवीसाठी. माझा मुलगा गेल्यापासून आमची चूल तिच्या डब्यांवरच पेटते. नानाखेड्याच्या एका होस्टेलने तिला रोजच्या चाळीस डब्यांचं काम देऊ केलं होतं. अट एकच, पहिल्या दिवशी बरोबर बाराला गरम जेवण पोचलं पाहिजे. तो दिवस नेमका खंडेनवमीचा आला.

आणि मला हुक्की आली. टावर चौकाजवळ आमच्या मराठी मंडळात नवमीला हत्यारांची पूजा असते. वाटेत सायकल तिथे नेऊ, चार लोक माझी कारागिरी बघतील. पल्लवी नको म्हणत होती. मी ऐकलं नाही.

मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब. त्यांचे पूर्वज दरबारात होते, हे ते पाणी मागतानाही सांगतात. आधी त्यांच्या मोटारीची पूजा झाली, मग आमच्या सायकलची. हळदकुंकू, झेंडूचा हार, फोटो. साडेअकरा वाजले. पल्लवीने हँडल धरलं तसे ते म्हणाले, "सूनबाई, पूजेला लावलेलं हत्यार आज हलवायचं नसतं. कल ले जाना."

पल्लवी माझ्याकडे बघत राहिली. सगळं मंडळही बघत होतं. मी म्हणालो, "राहू दे बेटा, रिक्षा करू."

पेटीतले डबे आम्ही रस्त्याच्या कडेला काढून ठेवले. नवमीच्या गर्दीत रिक्षा मिळेना. अर्धा तास उभे होतो, तेवढ्यात भय्यासाहेबांची मोटार बाहेर आली. बॉनेटवर ओलं कुंकू, पुढे हार. काच खाली करून ते म्हणाले, "श्रीपाद, संस्कार राखलेस बघ."

मोटार निघून गेली. मी हात जोडून उभा होतो. तिची पूजा तर आमच्याआधी झाली होती, हे मला तेव्हाच दिसलं होतं, आणि तरीही मी हात जोडले. त्या मेलेल्या उंदराची आली नव्हती एवढी किळस मला माझी आली. अजून येते.

शेवटी रिक्षा मिळून होस्टेलवर पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. मुलं बाहेर जेवून आली होती. मॅनेजरने एका डब्याला हात लावून पाहिला, तो गार होता. उद्यापासून आणू नका, एवढंच तो म्हणाला. पल्लवीने डबे पुन्हा रिक्षात भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडळातून सायकल घरी आणली, हार काढून नाल्यात टाकला, चेनला तेल दिलं. पल्लवी दारात आली. मी मान वर न करता म्हणालो, "आता हलवायला हरकत नाही."

"कुठे नेऊ, बाबा?" तिने विचारलं.