काटकोनातले चार स्पीकर

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ती खोली पाहिली तेव्हाच हे अवघड जाणार हे तिला कळलं होतं. खोली सरळ नव्हतीच. दारापासून बारा मीटर लांब एक भाग आणि त्याच्या टोकाला काटकोनात वळलेला, आठेक मीटरचा दुसरा. आतल्या वळणावर कवेत मावणार नाही असा जाडजूड खांब. एका भागात बसलेल्याला दुसऱ्या भागातलं दिसायचं नाही, आणि ऐकू तर त्याहून कमी यायचं.

पण दुसरी जागा मिळत नव्हती. बाबांचे साठ जुने विद्यार्थी चार वाजता यायचे होते.

बाबांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं. चौदा महिन्यांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्राचा एक भाग काढावा लागला. तेव्हापासून त्यांचा आवाज म्हणजे चुरगळलेल्या कागदासारखी नुसती खसखस. घरात ते वहीवर लिहूनच बोलायचे. विद्यार्थ्यांचं बोलावणं आलं तेव्हा मात्र त्यांनी वहीत लिहिलं, ‘मी बोलणार.’

धाकटा भाऊ तडकलाच. "ताई, त्यांची शोभा होईल गं सगळ्यांसमोर. माझ्याकडे त्यांचं जुनं रेकॉर्डिंग आहे. ते लावू, बाबा नुसते बसतील."

बाबा आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं. वही घेऊन आले आणि भावापुढे धरली. ‘मी अजून मेलेलो नाही.’

भावाने रेकॉर्डिंगचा विषय सोडला.

तिचं चष्म्याचं दुकान होतं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्यांना किती त्रास देतो हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण आवाजाच्या बाबतीत ती नवखी. तिने एकाच बनावटीचे चार वायरलेस स्पीकर गोळा केले, फोनला जोडले, बाबांच्या कॉलरला लावायला चिमट्याचा छोटा माईक आणला. सकाळी नऊपासून ती आणि भाऊ त्या खोलीत होते.

स्पीकर कोपऱ्यात ठेवले तर आवाज घुमायचा, शब्दाला शब्द चिकटायचे. भिंतीपासून पुढे आणून, पुस्तकांच्या कपाटांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या जरा वर ठेवले तेव्हा कुठे सुटे शब्द ऐकू यायला लागले. खांबामागचा स्पीकर सारखा गप्प व्हायचा. फोनशी त्याचा संबंधच तुटायचा. तो हातभर पुढे सरकवल्यावर ताळ्यावर आला. बाबांची खुर्ची लांब भागाच्या दाराकडच्या टोकाला, खिडकीपाशी. दोन स्पीकर त्यांच्या जवळ, दोन वळणापलीकडे. गाणं लावून ती सगळीकडे फिरली. कुठेही कमी-जास्त वाटेना.

मग भावाने माईक लावून वर्तमानपत्र वाचून पाहिलं. दोन ओळी वाचून तो थांबला.

"ताई, बोलताना चमत्कारिक वाटतंय जरा."

"तुला माईकची सवय नाही म्हणून."

"असेल," तो म्हणाला आणि मोठ्या आवाजात रेटून वाचत राहिला. बाबांना आधी बोलून बघायला सांगायची सोय नव्हती. आवाज जपून वापरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

चार वाजता खोली भरली. टक्कल पडलेले, चष्मे लागलेले, मुलंबाळं झालेले विद्यार्थी. बाबा उठले. साठ माणसं एकदम चिडीचूप झाली.

"मुलांनो," बाबा म्हणाले, आणि ती खसखस चारही स्पीकरमधून मोठी होऊन बाहेर पडली.

पुढच्याच वाक्याला ते अडखळले. "मी खूप... खूप दि... दिवसांनी..." शब्द लांबायला लागले. एकेक अक्षर दोनदा येऊ लागलं. बाबा कधीच तोतरे नव्हते, ऑपरेशननंतरही नाही. त्यांनी मान वळवून जवळच्या स्पीकरकडे पाहिलं, पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तेच. कपाळावर घाम डवरला. मागून कुणीतरी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. ते सगळ्यात वाईट झालं. बाबांनी माईक काढला, टेबलावर ठेवला आणि सरळ दाराबाहेर चालते झाले.

भाऊ तिच्यापाशी आला. ओरडला नाही, पण ओठ पांढरे पडले होते. "झालं समाधान?"

  तिने टेबलावरचा माईक उचलला आणि बोटाने टकटक केलं.

टक. आणि क्षणभराने, स्पीकरमधून, टक.

पुन्हा केलं. पुन्हा तसंच. माईकमधून फोनमध्ये, फोनमधून हवेतून स्पीकरमध्ये जाईपर्यंत आवाज मागे पडत होता. गाण्यात ते कळलं नव्हतं, कारण गाणं चारही ठिकाणी सारखंच उशिरा निघत होतं. आणि भावाचा स्वतःचा आवाज दणदणीत होता, त्याने रेटून नेलं.

बाबा जिन्यात, दुसऱ्या पायरीवर बसले होते. ती खालच्या पायरीवर बसली.

"बाबा, तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. स्पीकर तुमचाच आवाज उशिरा परत पाठवतोय, तोही तुमच्या आवाजापेक्षा मोठा. असा आवाज कानावर पडला की धडधाकट माणसाचीही जीभ अडते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. वही खिशातच होती, पण तीही काढली नाही. आत खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. लोक निघायला लागले असावेत. 

मग ते कुजबुजले, "किती?"

"काय किती?"

"उशीर."

"नक्की नाही सांगता येणार. सेकंदाचा पाचवा भाग असेल."

बाबांची बोटं गुडघ्यावर हलली. "आवाजाचा वेग सेकंदाला तीनशे चाळीस मीटर. भागिले पाच," ते म्हणाले. "अडुसष्ट. म्हणजे अडुसष्ट मीटरवरचा कुणी माझी नक्कल करतोय." मग त्यांनी वही काढली, खोलीचा काटकोन काढला आणि पेन्सिलीने बाहेरच्या कोपऱ्यावर फुली मारली. "मी इथे का नाही?"

 तिथे उभं राहिलं तर दोन्ही भाग समोर दिसत होते. सगळ्यांत लांबचा माणूसही बारा मीटरवर. जवळचे दोन्ही स्पीकर नकोतच. उरलेले दोन दोन्ही टोकांना, मागच्या रांगांकडे तोंड करून, बाबांकडे पाठ, म्हणजे मागे पडलेला आवाज त्यांच्या कानावर जेमतेमच येईल.

"छोट्या!" ती दारातूनच ओरडली. "कुणाला जाऊ देऊ नकोस!"

 पाच मिनिटांत टेबल हललं, खुर्च्या वळल्या, जवळचे स्पीकर बंद झाले. पुढच्या रांगांना बाबांचा मूळ आवाज कसाबसा पोचणार होता, तेवढ्यावरच भागवायचं होतं. भाऊ आखूड भागाच्या टोकाला उभा राहिला, ती लांब भागाच्या. आपापल्या टोकाच्या स्पीकरचा आवाज लागेल तसा कमी-जास्त करायचा असं ठरलं.

बाबा कोपऱ्यात उभे राहिले. 

"मघाशी," बाबा म्हणाले, "एक उदाहरण चुकलं. पुन्हा करतो."

लोक हसले. बाबा थांबले नाहीत. मध्ये दोनदा घोट घोट पाणी प्यायले, एकदा जबर खोकला आला तेव्हा ती पुढे धावणार होती, पण त्यांनी हाताने थोपवलं. मधल्या रांगेतल्या काहींना अर्धं ऐकू आलं नसणार; ते मान पुढे काढून बसले होते. बाबा अकरा मिनिटं बोलले. एकाला गणितात नापास केलं होतं आणि ते आपलंच कसं चुकलं होतं, हे त्यांनी त्या माणसाला समोर उभं करून सांगितलं. तो पन्नाशीचा गृहस्थ रडायलाच लागला.

शेवटची काही वाक्यं राहून गेली. आवाज पार बसला, तेव्हा बाबांनी माईक काढून टेबलावर ठेवला आणि खाली बसले.

तिने फोनवर स्पीकर बंद केले. भाऊ खुर्च्यांमधून वाट काढत आला आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभा राहिला.

"माझ्या टोकाला," तो म्हणाला, "शब्द न् शब्द ऐकू आला."

 पलीकडे बाबांभोवती गर्दी जमली होती आणि ते कुणाला तरी वहीत लिहून दाखवत होते.