तोंडाचा वास

शिंपीदुकानातल्या धाकट्या भावाचे, म्हणजे मास्तरचे, हात थरथरायला लागले, तेव्हा निदान सगळ्यात आधी केलं थोरल्यानं: हा चोरून पितो. मास्तरनं जन्मात थेंब चाखला नव्हता. पण कात्री सरळ चालेना, जीभ अडखळायला लागली आणि रिपोर्टात लिव्हर बिघडलेलं निघालं. थोरल्याच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

रोज सकाळी, गिऱ्हाइकांदेखत, दारातच हुकूम व्हायचा, "तोंड उघड. हा कर बघू." वास आला नाही की म्हणायचा, "वेलची चघळून आलाय लेकाचा!"

तीन डॉक्टर झाले. एक म्हणाला दारू सोडा, दुसरा म्हणाला टेन्शन सोडा, तिसरा म्हणाला लग्न करा. शेवटी मास्तर चष्म्याचा नंबर काढायला गेला, तर डॉक्टरीणबाईंना त्याच्या बुबुळाच्या कडेनं तपकिरी कडं दिसलं. त्यांनी मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. तिथं कळलं, आजार जन्मजात आणि दुर्मिळ आहे. अन्नातलं तांबं लिव्हरला बाहेर टाकता येत नाही, ते अंगात साठत जातं.

मास्तरनं कागद थोरल्याच्या पुढ्यात आपटला. थोरला वाचत वाचत शेवटच्या ओळीशी अडला. सख्ख्या भावंडांचीही तातडीनं तपासणी करावी, असं तिथं लिहिलं होतं.

"मला काय धाड भरलीय?" तो खेकसला.

पंखा बंद होता, तरी कागद त्याच्या हातात फडफडत होता.

मास्तरनं गिऱ्हाइकांदेखत त्याची हनुवटी धरली.

"तोंड उघड, दादा. हा कर बघू."