खिडकीतला कागद

इटलीतल्या फाब्रियानो या कागदाच्या गावातलं माणूस कागद हातात आला की आधी उजेडाकडे धरतं, मग त्यावर काय आहे ते बघतं. ओर्तेन्सियाने कागदाच्या गिरणीत छत्तीस वर्षं हेच केलं होतं. निवृत्तीनंतर तिने रंग हातात घेतले आणि मनाला येईल तसे वापरले. ओल्या निळ्यावर जाडं मीठ भुरभुरायचं, मेणबत्ती घासायची, कागद फाटला तर लाल दोऱ्याने टाके घालायचे.

यंदा गावच्या जलरंग मंडळाच्या प्रदर्शनात तिला चित्र लावायचंच होतं. अध्यक्ष ओनोफ्रियो तिच्याच गल्लीत वाढलेला, पण खुर्ची मिळाल्यापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्याने चित्र टेबलावर आडवं ठेवूनच नापास केलं. मीठ स्वयंपाकघरात, दोरा शिंप्याकडे, म्हणाला. मधला पांढरा भाग तर रिकामाच राहिलाय. टाके उसवून आणलेस तर कोपऱ्यात जागा देतो.

उसवण्याची गोष्ट तिला झोंबली. उद्घाटनाच्या संध्याकाळी ती चित्र, ब्रश आणि पाण्याचा वाडगा घेऊन आली. कुणाला न विचारता तिने कागदाच्या कडा भिजवल्या आणि पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला तो चिकटवला.

ऊन आलं आणि रिकाम्या पांढऱ्यात दोन बायका उमटल्या, टोपल्यांवर वाकून कागदाच्या लगद्यासाठी चिंध्या निवडणाऱ्या. नोकरीच्या शेवटच्या दिवशी तिने साच्याच्या जाळीवर तारेने त्या आकृत्या शिवल्या होत्या आणि हा ताव स्वतः काढला होता. तारेवर लगदा पातळ बसतो, म्हणून ती रेघ उजेडातच दिसते. उचलताना तो दोघींच्या मधोमध फाटला. लाल टाके तिथेच होते.

सगळे खिडकीपाशी जमले. ओनोफ्रियोही आला आणि काचेजवळ वाकला.

"ही एक तुझी आई," तो म्हणाला. "आणि दुसरी?"

"नाक बघ की. गिरणीत तिच्या शेजारच्या टोपलीपाशी कोण बसायचं? टाके उसवले असते तर तुझीच आई सुटून गेली असती. फाब्रियानोचा ना रे तू? कागद उजेडाला धरायला विसरलास?"

त्याचा चेहरा पडला. चौकटीत घालून मधल्या भिंतीवर लावू, तो म्हणाला.

"भिंतीवर त्या दिसणार नाहीत. इथेच राहू दे."

"वाळला की गळून पडेल, ओर्तेन्सिया."

तिने खुर्ची ओढली, वाडगा मांडीवर घेतला आणि कडांवरून ओला ब्रश फिरवला.

"प्रदर्शन आठ दिवस आहे ना?" ती म्हणाली. "मला कुठे जायचंय?"